शेजारच्या भाषेंतील एक काळ

परकी भाषा शिकतांना सर्वांत अवघड काय वाटतें, असें कोणास विचारलें तर तो उच्चाराचें नांव घेईल, शब्दांच्या अफाट संख्येचें घेईल, किंवा लिपीचें घेईल. या अडचणी खऱ्या आहेत; पण त्या उघड्या आहेत. शिकणाऱ्याला त्या पहिल्या दिवसापासून दिसतात आणि तो त्यांच्याशीं झुंज घेण्याच्या तयारीनेंच येतो. खरी फसगत होते ती निराळ्याच ठिकाणीं. परक्या भाषेंतील एखादा प्रयोग हुबेहूब आपल्या भाषेंतल्यासारखा दिसतो, शब्दास शब्द जुळतो, आणि म्हणून तो आपल्याला येतोच अशी समजूत होते. उपयोग मात्र अगदीं निराळा असतो. या प्रकारचें एक सुरेख उदाहरण म्हणजे डच भाषा बोलणारा विद्यार्थी आणि इंग्रजींतील पूर्ण वर्तमानकाळ. दूरच्या देशांतील मुलांच्या व्याकरणाशीं आपला काय संबंध, असें श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो पुढें आपोआप दिसून येईल.

डच ही हॉलंडची, म्हणजे ज्या राज्याचें खरें नांव नेदरलंड्स त्याची, आणि बेल्जमच्या उत्तर भागाची भाषा. ती मातृभाषा म्हणून बोलणारे लोक सुमारें अडीच कोटि भरतील. इंग्रजी आणि डच या सख्ख्या बहिणी नव्हेत, पण चुलत बहिणी खऱ्याच. इंग्रज ज्याला ‘वॉटर’ म्हणतो त्याला डच मनुष्य ‘वाटर’ म्हणतो. ‘पिणें’ या क्रियापदाचीं इंग्रजी रूपें ‘ड्रिंक, ड्रँक, ड्रंक’, तर डच रूपें ‘ड्रिंकन्, ड्रोंक्, खड्रोंकन्’. इंग्रजीचें ‘हॅव्ह’ तेंच डचांचें ‘हेबन्’. त्यांतून नेदरलंड्समध्यें १९८६ सालापासून प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत इंग्रजी हा सक्तीचा विषय आहे, आणि मोठ्यांसाठीं असलेले परदेशी चित्रपट तेथें डच आवाज न चढवितां, खालीं डच अक्षरें देऊन दाखवितात. त्यामुळें मुलाच्या कानावर इंग्रजी लहानपणापासूनच पडत असते. मोडक्यातोडक्या इंग्रजीला डच लोक थट्टेनें ‘दगडी कोळशाची इंग्रजी’ म्हणतात. कोळसा घेऊन येणाऱ्या इंग्रजी जहाजांवरील खलाशांशीं बंदरांतले हमाल जी भाषा बोलत, तिच्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. आजचा डच विद्यार्थी त्या हमालाच्या कितीतरी पुढें गेलेला आहे. तो इंग्रजींत वादविवाद करतो, शास्त्रीय निबंध लिहितो, विनोदहि करतो. आणि तरीहि त्याच्या वाक्यांत एक ठराविक चूक पुन्हां पुन्हां डोकें वर काढते.

ती चूक अशी. ‘मीं त्याला काल पाहिलें’ हें इंग्रजींत सांगावयाचें तर ‘आय सॉ हिम यस्टर्डे’ असा साधा भूतकाळ हवा. डच विद्यार्थी म्हणतो, ‘आय हॅव्ह सीन हिम यस्टर्डे’. त्याच्या मनांत जें डच वाक्य असतें तें ‘इक् हेब् हेम् खिस्तरन् खझीन्’. (यांतला ‘ख’ घशांतून खरवडून काढावयाचा असतो.) ‘इक् हेब्’ म्हणजे ‘आय हॅव्ह’, ‘खझीन्’ म्हणजे ‘सीन’, ‘खिस्तरन्’ म्हणजे ‘यस्टर्डे’. एकहि शब्द चुकलेला नाहीं. डचमध्यें कृदंत वाक्याच्या अगदीं शेवटीं जातें, तेवढा क्रम त्यानें बदलून घेतला आहे. ही क्रमाची बाब मुलें पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच पचवितात. इतकें सगळें बरोबर करूनहि वाक्य चुकतें, आणि कां चुकतें हें त्याला कळत नाहीं. ‘हॅव्ह’ आणि कृदंत हें जोडरूप त्यानें शिकलेलें नसतें. तें त्याला वारशानेंच मिळालेलें असतें.

आतां हें रूप डच भाषेंत काय काम करतें तें पाहूं. तेथें घडून गेलेली कोणतीहि गोष्ट वार्ता म्हणून सांगावयाची असली कीं हेंच रूप वापरतात. ती गोष्ट आतांच घडलेली असो, काल घडलेली असो, कीं तीनशें वर्षांपूर्वींची असो. सकाळीं खिडकी उघडून पांढरें अंगण पाहणारा डच मनुष्य ‘बर्फ पडलें आहे’ असें म्हणतो. येथपर्यंत इंग्रज त्याच्याशीं सहमत आहे. परंतु ‘काल मी हार्लेमला गेलों आहें’ असेंहि डच मनुष्य म्हणतो, आणि ‘रेम्ब्रांटनें १६४२ सालीं रात्रीच्या पहाऱ्याचें चित्र काढलें आहे’ असेंहि म्हणतो. साधा भूतकाळ डचमध्यें नाहीं असें नव्हे. आहे, आणि त्याला स्वतःचें काम आहे. हार्लेमला गेल्याची वार्ता एकदां पूर्ण वर्तमानकाळानें सांगून झाली कीं मग पाऊस कसा पडत होता, गाडींत गर्दी किती होती, बरोबर कोण होतें, हें सारें वर्णन साध्या भूतकाळांत येतें. थोडक्यांत, डच मनुष्य एका काळानें खबर देतो आणि दुसऱ्यानें देखावा उभा करतो. कथाकादंबऱ्यांत म्हणूनच साध्या भूतकाळाचें राज्य असतें आणि घरगुती गप्पांत ‘हेबन्’चें.

इंग्रजी भाषेनें हीच दोन रूपें निराळ्या तत्त्वावर वांटून दिलीं आहेत. तिचा प्रश्न असा, कीं बोलणारा कोणत्या काळाविषयीं बोलत आहे? संपलेल्या, कीं अजून चालू असलेल्या? ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडितानें १९२४ सालींच सांगून ठेवलें आहे कीं हा पूर्ण वर्तमानकाळ भूतकाळाचा प्रकार नसून वर्तमानकाळाचाच एक प्रकार आहे. मात्र तो मागें वळून पाहणारा वर्तमानकाळ आहे. पुढें १९४७ सालीं हान्स राइखेनबाख या तत्त्ववेत्त्यानें हीच कल्पना अधिक रेखीव केली. त्याच्या मतें कोणत्याहि काळरूपांत तीन बिंदु असतात. एक बोलण्याचा क्षण, दुसरा घटनेचा क्षण, आणि तिसरा म्हणजे ज्या ठिकाणीं उभें राहून आपण त्या घटनेकडे पाहतों तो क्षण. ‘आय सॉ’ म्हणतांना आपण मनानें घटनेजवळ जाऊन उभे राहतों. ‘आय हॅव्ह सीन’ म्हणतांना घटना तेथेंच मागें असते, पण आपण आजच्या जागेवरून हाललेले नसतों. आणि आजच्या जागेवर उभें राहून ‘काल’ हा शब्द उच्चारणें इंग्रजाच्या कानाला विसंगत लागतें. ‘केव्हां?’ हा प्रश्नहि त्याच कारणास्तव ‘हॅव्ह’बरोबर बसत नाहीं. ‘केव्हां’ म्हटलें कीं बोट मागच्या एखाद्या विशिष्ट क्षणावर ठेवावें लागतें, म्हणजे तेथें जावें लागतें.

ही जी ‘चालू असलेल्या काळा’ची कल्पना आहे ती किती लवचीक आहे याचा एक गमतीचा नमुना देतों. ‘आज सकाळीं’ या अर्थाचे ‘धिस मॉर्निंग’ हे शब्द घ्या. सकाळीं दहा वाजतां एखादा इंग्रज म्हणेल, ‘आय हॅव्ह सीन हिम धिस मॉर्निंग’. तोच इंग्रज, त्याच भेटीविषयीं, दुपारीं चार वाजतां म्हणेल, ‘आय सॉ हिम धिस मॉर्निंग’. भेट बदललेली नाहीं, मनुष्य बदललेला नाहीं. मध्यंतरीं फक्त सकाळ संपली. माणसाच्या आयुष्यालाहि हाच नियम लागू पडतो. रेम्ब्रांट १६६९ सालीं वारला. तो अॅम्स्टरडॅमांत राहत असे हें ‘हॅव्ह’ घालून सांगितलें तर इंग्रज श्रोता क्षणभर चमकेल, कारण त्या रूपांत तो जिवंत असल्याची सूचना आहे. पण त्यानें १६३९ सालीं घेतलेलें घर अजून उभें आहे आणि १९११ पासून तेथें संग्रहालय आहे. त्या घरानें असंख्य प्रवासी पाहिले आहेत, हें मात्र ‘हॅव्ह’नेंच सांगावयाचें, कारण घराचें आयुष्य संपलेलें नाहीं. डच भाषेला या जिवंत-मृत भेदाचें सोयरसुतक नाहीं.

येथें आपल्या मराठीकडे थोडें वळून पाहावें असें वाटतें. ‘तानाजीनें १६७० सालीं सिंहगड घेतला आहे’ असें आपण म्हणत नाहीं, ‘घेतला’ म्हणतों. येथें आपण इंग्रजांच्या बाजूला आहोंत. पण ‘गीतारहस्य टिळकांनीं लिहिलें आहे’ हें वाक्य मराठींत अगदीं स्वाभाविक आहे, आणि टिळकांना जाऊन तर १९२० पासूनचा काळ लोटला. ग्रंथ आपल्यापुढें आहे, म्हणून लिहिण्याची क्रियाहि आपल्यापुढें आहे, असा आमच्या भाषेचा हिशेब. येथें आपण डचांच्या पंक्तीला बसलों. आणि ‘अहो, मीं त्याला काल माझ्या डोळ्यांनीं पाहिलें आहे!’ असें जेव्हां कोणी ठांसून सांगतो, तेव्हां त्या ‘आहे’मध्यें साक्षीदाराचा जोर असतो, हा तिसराच उपयोग, जो डचमध्येंहि नाहीं आणि इंग्रजींतहि नाहीं. तेव्हां ‘पूर्ण वर्तमानकाळ’ हें नांव व्याकरणाच्या पुस्तकांत एकच असलें तरी त्या नांवाखालीं प्रत्येक भाषेनें निराळा संसार थाटलेला आहे.

चुकीची ही झाली एक बाजू. दुसरी बाजू बरोबर उलट आहे, आणि व्यवहाराच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची. जेथें इंग्रजीला ‘हॅव्ह’ हवें असतें तेथें डच विद्यार्थी साधा वर्तमानकाळ घालतो. दहा वर्षें एखाद्या गांवीं राहणारा आणि अजूनहि तेथेंच असलेला डच मनुष्य म्हणतो, ‘इक् वोन् हीर् आल् टीन् यार्’, म्हणजे शब्दशः ‘मी येथें आधींच दहा वर्षें राहतों’. त्याची इंग्रजी होते ‘आय लिव्ह हिअर ऑलरेडी टेन यीअर्स’. इंग्रजींत हवें असतें ‘आय हॅव्ह लिव्हड हिअर फॉर टेन यीअर्स’. डच मनुष्याचा युक्तिवाद बिनतोड आहे: मी राहतों आहें, आतां राहतों आहें, मग वर्तमानकाळ नको तर काय हवें? आपलाहि युक्तिवाद हाच आहे. ‘मी दहा वर्षांपासून येथें राहतों’ असेंच आपण म्हणतों, आणि म्हणूनच ‘आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन यीअर्स’ ही इंग्रजी पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतून इतकी ऐकूं येते. त्यांतलें ‘सिन्स’ तर दोघांनाहि सारखेंच छळतें. इंग्रजींत ‘सिन्स’पुढें आरंभाचा क्षण यावा लागतो आणि ‘फॉर’पुढें मुदत. आमचें ‘पासून’ मात्र ‘सोमवारपासून’ येथेंहि चालतें आणि ‘तीन दिवसांपासून’ येथेंहि. डचांचें ‘सिंड्स्’ तसेंच दोन्हीकडे चालतें.

साम्याची आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तासभर वाट पाहणारा डच मनुष्य म्हणतो, ‘इक् झिट् हीर् आल् अन् ऊर् त वाख्तन्’. याचें इंग्रजी भाषांतर करणें डच मुलाला जड जातें, कारण त्यासाठीं ‘हॅव्ह बीन वेटिंग’ हें तीन मजली रूप लागतें. मराठी भाषांतर मात्र चटकन होतें: ‘मी येथें तासभर वाट पाहत बसलों आहें’. ‘झिट्’ म्हणजे बसणें. चालू असलेली कंटाळवाणी क्रिया दाखविण्यासाठीं ‘बसणें’ या क्रियापदाला मदतीला घेण्याची युक्ति अॅम्स्टरडॅमला सुचली आणि आपल्यालाहि सुचली. जवळच्या लंडनला मात्र सुचली नाहीं. तसेंच ‘हें मी पहिल्यांदाच पाहतों आहें’ येथें डच आणि मराठी दोघेहि वर्तमानकाळ घालतात. इंग्रज तेथें ‘हॅव्ह सीन’ म्हणतो.

या चुका ऐकणाऱ्याला खटकतात, पण त्यानें बिघडतें काय, असा प्रश्न येईल. वरच्या दोन्ही चुकांनीं सहसा कांहीं बिघडत नाहीं. समजा, लंडनला गेलेला एखादा डच प्रवासी आजारी पडला आणि डॉक्टरला म्हणाला, ‘आय हॅव्ह फीव्हर सिन्स थ्री डेज’. वाक्य अशुद्ध, पण तीन दिवस ताप आहे आणि अजून उतरलेला नाहीं हें डॉक्टरला नेमकें समजेल. आतां समजा, शाळेंत मास्तरांनीं ‘हॅव्ह’वर इतक्या वेळां तांबडी शाई ओढली कीं त्यानें त्याचा धसकाच घेतला, आणि तो म्हणाला, ‘आय हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’. हें वाक्य व्याकरणाच्या कसोटीवर निर्दोष आहे. पण त्याचा अर्थ असा कीं ताप तीन दिवस होता आणि आतां गेला. ऐकणारा डॉक्टर निश्चिंत होईल. नोकरीच्या अर्जांतहि हाच धोका. ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह यीअर्स’ असें लिहिणारा उमेदवार, अजून त्याच जागेवर काम करीत असला, तरी वाचणाऱ्याच्या मनांत तो ती जागा सोडून आलेला ठरतो. अशुद्ध वाक्य सावध करतें. शुद्ध पण चुकीचें वाक्य खात्री पटवितें. शिक्षकांनीं भीति बाळगावयाची ती या दुसऱ्या प्रकाराची, असें माझें मत आहे.

डच शाळांतून या काळाच्या शिक्षणासाठीं एक स्मरणसूत्र वापरतात. ‘फॉर, येट, नेव्हर, एव्हर, जस्ट, ऑलरेडी, सिन्स’ या सात इंग्रजी शब्दांचीं पहिलीं अक्षरें ओळीनें मांडलीं कीं डच कानाला ‘फैन यास्’ असे दोन शब्द ऐकूं येतात, आणि त्यांचा डच अर्थ ‘छान कोट’ असा होतो. यांतला एखादा शब्द वाक्यांत दिसला कीं पूर्ण वर्तमानकाळ घालावयाचा. ‘यस्टर्डे’, ‘अगो’, ‘लास्ट वीक’ किंवा एखादा सन दिसला कीं साधा भूतकाळ. मुलें हें सूत्र आनंदानें पाठ करतात, आणि रिकाम्या जागा भरा अशा प्रश्नांत त्याच्या जोरावर पैकीच्या पैकी गुणहि मिळवितात.

पण हा कोट प्रत्येकाच्या अंगाला बसत नाहीं. त्यांतलें पहिलेंच ‘फॉर’ दगाबाज आहे, हें वरच्या तापाच्या आणि नोकरीच्या उदाहरणांवरून दिसलेंच. तें दोन्ही काळांशीं सारख्याच सलोख्यानें नांदतें. ‘जस्ट’ आणि ‘ऑलरेडी’ यांच्याबरोबर अमेरिकन मनुष्य खुशाल साधा भूतकाळ वापरतो, आणि डच मुलगा जे चित्रपट पाहतो त्यांतले पुष्कळसे अमेरिकनच असतात. याहून मोठा दोष असा, कीं सूत्र मुलाला शब्दाकडे पाहावयास शिकवितें, अर्थाकडे नव्हे. ज्या वाक्यांत सातांपैकीं एकहि शब्द नाहीं तेथें तो निराधार होतो. ‘माझी किल्ली हरवली’ हें वाक्य घ्या. किल्ली अजून सांपडलेली नसेल आणि मी दाराबाहेर उभा असेन, तर ‘आय हॅव्ह लॉस्ट’. किल्ली हरवल्याची जुनी हकीगत सांगत असेन, तर ‘आय लॉस्ट’. येथें कोणताहि खुणेचा शब्द मदतीला येत नाहीं. बोलणारा कोठें उभा आहे एवढेंच पाहावें लागतें, आणि तें शिकविण्यास दाराबाहेरचा मनुष्य हा सात शब्दांपेक्षां चांगला शिक्षक आहे.

दोन जवळच्या भाषांत असा फरक पडला तरी कसा? दोघींचा आरंभ एकच आहे. ‘हॅव्ह’ आणि ‘हेबन्’ यांचा मूळ अर्थ जवळ असणें, बाळगणें. फार जुन्या काळीं ‘माझ्यापाशीं पकडलेला मासा आहे’ अशा धाटणीचें वाक्य होतें. त्यांत मासा हातांत असणें मुख्य, पकडणें हें माशाचें विशेषण. हळूहळू भर पकडण्यावर सरकला, आणि ‘मीं मासा पकडला आहे’ असा अर्थ रूढ झाला. जाण्यायेण्याच्या क्रियापदांना तेव्हां ‘असणें’ लागत असे. डचमध्यें तें अजून लागतें, म्हणून नवशिका डच मुलगा ‘ही इज कम’ म्हणतो; जुन्या इंग्रजी बायबलाच्या वाचकाला हें रूप परिचयाचें वाटेल, कारण सतराव्या शतकांतील इंग्रज तसेंच बोलत. त्या काळच्या इंग्रजींत ‘हॅव्ह’बरोबर ठराविक भूतकाळवाचक शब्दहि अधूनमधून आढळतात. आज ज्याला आपण डच चूक म्हणतों ती कांहीं अंशीं इंग्रजांच्या पूर्वजांची सवय आहे.

पुढें वाटा फुटल्या. इंग्रजीनें ‘हॅव्ह’ला वर्तमानाशीं बांधून टाकलें. युरोपच्या मुख्य भूमीवर मात्र हें जोडरूप भूतकाळाचा प्रदेश बळकावीत गेलें. दक्षिण जर्मनीच्या बोलींत साधा भूतकाळ जवळजवळ नाहींसा झाला आहे. फ्रेंचांच्या बोलण्यांतून तो गेलाच; फक्त लेखनांत उरला. डचांच्या वसाहतकारांनीं दक्षिण आफ्रिकेंत नेलेल्या भाषेपासून जी आफ्रिकान्स झाली, तिच्यांत तर मोजक्या क्रियापदांवांचून साधा भूतकाळ शिल्लकच नाहीं. डच या प्रवासांत अर्ध्या वाटेवर उभी आहे.

फ्रेंचांनीं एके काळीं या दोन काळांत सीमा आंखण्याचा प्रयत्न केला होता. पोर रॉयाल येथील पंडितांच्या १६६० सालच्या सुप्रसिद्ध व्याकरणांत असा नियम आहे कीं घटनेला निदान एक दिवस लोटला असेल तरच साधा भूतकाळ वापरावा. आज घडलेल्या गोष्टीला तो चालणार नाहीं. संस्कृत जाणणाऱ्या श्रोत्यांना येथें ‘अनद्यतन’ हा शब्द आठवल्याशिवाय राहणार नाहीं. पाणिनीनें आजचा नसलेला भूतकाळ ‘लङ्’ला दिला, आजचा नसून शिवाय बोलणाऱ्यानें प्रत्यक्ष न पाहिलेला ‘लिट्’ला दिला, आणि सामान्य भूतकाळ, ज्यांत आजचा येतो, तो ‘लुङ्’ला. पॅरिसजवळच्या त्या पंडितांच्या कितीतरी शतकें आधीं मध्यरात्रीची ही रेषा आपल्याकडे आंखून झाली होती. आणि त्या तिन्ही लकारांचें पुढें काय झालें? बोलण्यांतून ते तिन्ही गेले. त्यांच्या जागीं कृदंत आलें: ‘मया पत्रं लिखितम्’. ‘मीं पत्र लिहिलें’ हें आमचें साधें मराठी वाक्य त्याच कृदंताच्या वंशांतलें. ‘मीं’ ही तृतीया आणि ‘लिहिलें’चें पत्राशीं जुळणारें लिंग, दोन्ही त्या वंशाच्या खुणा. म्हणजे डच भाषा ज्या वाटेनें आज चालली आहे ती वाट आमच्या भाषेनें दोन हजार वर्षांपूर्वींच धरली होती. फक्त ‘हॅव्ह’च्या अर्थाचें क्रियापदच आमच्यापाशीं नसल्यामुळें आम्हीं ती ‘असणें’च्या आधारानें चाललों.

डच लोकांनीं या अडचणीचा एक मोठा मोबदला जगाला दिला आहे, त्याचा उल्लेख करणें न्याय्य होईल. इंग्रजीच्या व्याकरणावरचे विसाव्या शतकांतील कित्येक भारी ग्रंथ इंग्रजांनीं नव्हे, डचांनीं लिहिले. अॅम्स्टरडॅमच्या शाळेंत इंग्रजी शिकविणारे हेंड्रिक पौट्स्मा यांचें इंग्रजीचें अवाढव्य व्याकरण १९०४ पासून १९२९ पर्यंत खंडशः प्रसिद्ध झालें. एट्स्को क्रौइसिंगा यांनीं त्याच पिढींत दुसरें तितकेंच तोलामोलाचें व्याकरण लिहिलें. झांडफोर्ट यांचा १९४५ सालचा आटोपशीर ग्रंथ अनेक देशांतील विद्यार्थ्यांनीं वापरला, आणि विसर यांचा इंग्रजी वाक्यरचनेचा इतिहास १९६३ ते १९७३ या वर्षांत लायडनहून निघाला. ज्याला भाषा जन्मतः येते त्याला ‘यस्टर्डे’बरोबर ‘हॅव्ह’ कां चालत नाहीं हा प्रश्नच पडत नाहीं. शेजारच्या घरांतून तीच वस्तु निराळ्या जागीं ठेवलेली पाहण्याची संवय ज्याला आहे, त्याला तो रोज पडतो.

इंग्रजी भाषाहि अर्थात् स्थिर उभी नाहीं. अमेरिकन बोलण्यांत साधा भूतकाळ ‘हॅव्ह’च्या हद्दींत शिरत आहे, ‘तुझें जेवण झालें का?’ हें तेथें ‘डिड यू ईट येट?’ असें सहज विचारतात, आणि इंग्लंडमधील जुन्या वळणाचा शिक्षक तें ऐकून कपाळाला आठ्या घालतो. ऑस्ट्रेलियांत याच्या उलट प्रकार दिसून आला आहे. तेथील लोक घडलेली हकीगत रंगवून सांगूं लागले कीं मागच्या, ठराविक वेळच्या घटनांनाहि ‘हॅव्ह’ लावतात, आणि तें ऐकणाऱ्या डच प्रवाशाला आपल्या घरीं आल्यासारखें वाटत असेल. परंतु डच शाळांतील परीक्षक अजून सिडनीपर्यंत गेलेले नाहींत. त्यांच्या हातीं पडलेल्या उत्तरपत्रिकेंत ‘हॅव्ह’ आणि ‘यस्टर्डे’ एका वाक्यांत आले, कीं दोहोंच्या खालीं तांबडी रेघ पडतेच.